खोट्या चिठ्ठीमागे हरवलेला रानपिंगळा

डोंबिवलीच्या एका वाचकाने फोटो पाठवून विचारलं आहे, ‘शनिवार-रविवार माहुलीला गेलो होतो. उन्हं चांगली वर आली होती, तरी एका उघड्या फांदीवर वीतभर घुबड बसलेलं दिसलं. घुबड दिवसा कसं बाहेर?’ फोटो उजेडाच्या दिशेने काढलेला, त्यात पक्ष्याची काळी आकृती तेवढी दिसते. तो साधा पिंगळा असण्याचीच शक्यता जास्त. गावातल्या चिंचेच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत राहणारा हा पक्षी दिवसाही डोकं बाहेर काढतो. तरीही मी तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला, कारण जागा माहुलीची होती.

आसनगावला लोकलमधून उतरून, वजीर सुळक्याकडे बघत गड चढणारे कल्याण-डोंबिवलीचे ट्रेकर खरं तर तानसा अभयारण्यातून चालत असतात. वाटेत वानरं दिसतात, पावसाळ्यात शीळकर कस्तुराची शीळ ऐकू येते, नशीब असेल तर भेकर भुंकतं. याच अभयारण्यात ऑक्टोबर २०१४ मध्ये सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांना रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड दिसलं. तोवर त्याची ज्ञात ठिकाणं मुख्यतः सातपुड्यातली होती. जगात भारताबाहेर कुठेही नसलेला आणि तब्बल ११३ वर्षं अभ्यासकांना न सापडलेला हा पक्षी, मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या रानात निघाला!

त्याची हकिगत सुरू होते १८७२ मध्ये. आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट याला पहिला नमुना मिळाला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविटचं नाव दिलं. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. शाळेच्या इतिहासात ते एका ओळीत उरकतात, पण भारतीय पक्षिशास्त्राचा पाया ज्यांनी रचला त्यांत त्यांचं नाव फार वर आहे. सिमल्याच्या घरातली त्यांची हस्तलिखितं एका नोकराने रद्दीत विकली, तेव्हा त्यांचं या कामातून मनच उडालं. ८० हजारांहून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ते वर्ष १८८५, म्हणजे काँग्रेस स्थापन झाली तेच.

पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने आणखी काही रानपिंगळे मिळवले. १८८४ पर्यंत जगातल्या संग्रहालयांत मिळून नमुने झाले सात. नंतर काहीच नाही.

अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती की तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला. माइनर्ट्झहॅगन हे पक्षितज्ज्ञांतलं मोठं नाव, त्यामुळे चिठ्ठीवर विश्वास बसला. सातबाऱ्यावर गट नंबर चुकीचा पडला की जमीन असते तिथेच, पण पुढची पिढी भलत्याच बांधावर मोजणी करत बसते. इथेही तेच झालं. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून छापलेला फोटोही साध्या पिंगळ्याचाच निघाला.

ही गाठ सोडवली पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी. नायजेल कॉलर यांच्यासोबत त्यांनी जुन्या नमुन्यांची अक्षरशः शवचिकित्सा केली. पक्ष्याचं कातडं सोलून आत कापूस भरण्याची, टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची आपली धाटणी असते. मांडवीचा म्हणून ठेवलेला नमुना उसवून नव्याने भरलेला होता, पण तपासणीत आणि एक्स-रेमध्ये डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा त्यात सापडल्या. माइनर्ट्झहॅगनने संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता आणि स्वतःची चिठ्ठी बांधली होती! यावरचा त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते यात चोरी हा लहान गुन्हा. खोटी तारीख आणि खोटी जागा लिहिणं हा मोठा, कारण त्याने पुढच्या प्रत्येक प्रामाणिक शोधाची वाट चुकवली.

निबंध छापून येण्याआधीच, मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी गेल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट होते. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. डेव्हिडसनच्या खानदेशातच! एवढी वर्षं तो तिथे होता, दिवसाढवळ्या सरडे आणि उंदीर पकडत होता.

ओळखायचा कसा? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, शेपटीवर रुंद पट्टे, चोच आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं, पायांवर दाट पांढरी पिसं. उघड्या फांदीवर बसून तो शेपटी झटक्याने हलवतो. राहतो सागाच्या पानझडी रानात. माहुलीच्या पायथ्याला सागच साग आहेत.

म्हणूनच आमच्या वाचकाला उत्तर देताना मला दोन गोष्टी हव्या होत्या, त्याच पत्रात नाहीत: नेमकी तारीख आणि गडाच्या कुठल्या वाटेवर. आयुष्यभर पक्ष्यांमागे फिरणाऱ्यांना जे दिसत नाही ते एखाद्या रविवारी ट्रेकरला दिसू शकतं, पण तारखेशिवाय आणि जागेशिवाय ते विज्ञानाच्या कामाचं नाही. तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये एक छोटी वही टाका. काय दिसलं, कधी, कुठे, पक्षी काय करत होता, तिथल्या तिथे लिहा. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असंही लिहा. घरी आल्यावर नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. घरट्याची जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका आणि फोटोसाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. रानपिंगळा आजही धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहे.

वाचकहो, माहुलीच्या वाटेवर घुबड दिसलं असेल तर आम्हाला जरूर कळवा, तारखेसकट.