शेवटाने दुभंगलेले प्रेक्षक

(सूचना : या चौकटीत चित्रपटाचा शेवट सांगितला आहे.)

माइक बाइंडर लिखित-दिग्दर्शित ‘द अपसाइड ऑफ अँगर’ 2005 मध्ये आला. डेट्रॉइटच्या उपनगरातली टेरी, म्हणजे जोन ॲलन. नवरा अचानक नाहीसा होतो. तो स्वीडिश सेक्रेटरीबरोबर पळाला, अशी तिची ठाम समजूत होते. चार मुली, हातात सतत दारूचा ग्लास आणि धुमसता राग. त्यात शेजारचा डेनी (केव्हिन कॉस्टनर) येतो. तो निवृत्त बेसबॉलपटू, आता रेडिओवर बोलणारा आणि तिच्याइतकाच पिणारा. दोघांचं हे बिनचकचकीत, चाळिशीपुढचं प्रेम बहुतेकांना भावलं. समीक्षक रॉजर इबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले.

वाद पेटला तो शेवटावरून. तीन वर्षांनी कळतं की नवरा कुठेच गेला नव्हता. घरामागच्या रानातल्या जुन्या विहिरीत पडून तो मेला होता. काहींना ही सरळ फसवणूक वाटली. मला मात्र हा शेवट अत्यंत धाडसी वाटतो, कारण ज्याच्यावर टेरी तीन वर्षं जळत राहिली, तो तिचा गुन्हेगार नव्हताच. ॲलनला ऑस्करचं नामांकनही मिळालं नाही, हा अन्यायच.