त्लाकोलुलाचा रविवार

दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यात बाजार कुठे भरणार ते वारावर ठरतं. बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, शनिवारी खुद्द वाहाका शहर, सोमवारी दक्षिणेला लांबवर मियावात्लान. मंगळवार किरकोळ गावांचा. आठवडे बाजाराच्या गावात वाढलेल्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तो एवढंच विचारेल, की यातला मोठा कुठला? मोठा रविवारचा, त्लाकोलुलाचा.

त्लाकोलुला हे सापोतेक लोकांचं गाव वाहाका शहराच्या पूर्वेला, मित्लाच्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटरवर आहे. बस जाते, पण खरी वाहतूक वडापची. ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे दाटीवाटीने बाकीचे, डिकीत कुणाची तरी टोपली. एरवी हे गाव एका फेरीत बघून संपतं. रविवारी मात्र चर्चच्या शेजारची छपराची मंडई पुरत नाही आणि बाजार रस्त्यारस्त्यांनी बाहेर सांडतो. दोन्हीकडच्या भिंतींना दोऱ्या बांधून ताडपत्र्या चढतात. त्या बांधणाऱ्यांच्या उंचीला सोयीच्या. उंच पाहुण्याने दिवसभर मान वाकवून हिंडायचं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतात ते वाटे. जमिनीवर अंथरलेल्या फडक्यावर पाच टोमॅटो, त्यावर एक, चार लिंबं, मूठभर लसूण, एवढीशी मिरची. मागे बसलेल्या बाईच्या अंगावर भरतकाम केलेला चौकड्यांचा एप्रन, वेण्यांत रंगीत फिती. तराजू पुष्कळांकडे आहे, पण तो मांस आणि घाऊक मालासाठी. बाकी व्यवहार वाट्यावर आणि मापावर. मका, घेवडा अजूनही डब्याने मोजून विकणाऱ्या बाया आहेत. ही पद्धत किती जुनी ते आपल्याला शत्रूपक्षाच्या साक्षीवरून कळतं. एर्नान कोर्तेस या स्पॅनिश आक्रमकाने १५२० साली स्पेनच्या राजाला जे पत्र लिहिलं, त्यात ॲझ्टेक राजधानीला लागून असलेल्या त्लातेलोल्कोच्या बाजाराचं वर्णन आहे. सालामांका शहराच्या चौकाच्या दुप्पट मोठा, रोज ६०,००० माणसांची ये-जा, आणि सगळं मोजून किंवा मापून विकतात, वजनावर काही विकताना आपण पाहिलं नाही, असं तो सांगतो. एका इमारतीत दहा-बारा न्यायाधीश बसत आणि तंटे जागच्या जागी मिटवत. खोटं माप सापडलं की फोडून टाकत. ६०,०००चा आकडा कोर्तेसचा आहे, आणि त्याला राजावर छाप पाडायची होती, हे लक्षात ठेवून वाचावा. पण न्यायाधीश आणि फोडलेली मापं त्याने उगाच रचली असतील असं वाटत नाही.

त्या काळी मध्य मेक्सिकोत पुष्कळ ठिकाणी बाजार दर पाचव्या दिवशी भरे. कृत्तिकांच्या पुंजक्याला तिथले लोक बाजारच म्हणत. आकाशातही त्यांना दाटी दिसली ती बाजाराची. स्पॅनिश आले, त्यांनी सात दिवसांचा आठवडा आणला, रविवारची प्रार्थना बंधनकारक केली. लोक चर्चला येणारच होते, तर येताना कोंबडी घेऊन आले. त्लाकोलुलात देऊळ आणि दुकान असं शेजारी आहे त्यामागे हा सगळा इतिहास आहे. आजही डोंगरातल्या गावांतून येणारी कुटुंबं मुख्य चर्चलगतच्या ख्रिस्ताच्या कोंदणासारख्या कोरीव चॅपलमध्ये मेणबत्ती लावून मग खरेदीला लागतात, किंवा आधी खरेदी आणि मग मेणबत्ती.

बाजारात एक पेय मिळतं, त्याचं नाव तेहाते. त्यासाठी तरी इथे यावं. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय नावाच्या फळाच्या बीतला गर आणि रोसिता नावाची सुवासिक वाळलेली फुलं, हे सगळं वाटून घट्ट गोळा होतो. तेहातेचं माहेर वायापम गाव, आणि करणाऱ्या बायकाच. बाई मोठ्या मातीच्या परातीत गोळा घेते आणि कोपरापर्यंत हात घालून मळायला लागते. मळता मळता गार पाण्याची धार. एकदम नाही, थोडं थोडं, आणि शेवटची धार उंचावरून. कोकोतली आणि बीतली चरबी सुटून वर येते, आणि पाण्यावर पांढरट, गुठळ्या गुठळ्यांचा जाड फेस धरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं नासलंय. गिऱ्हाईक मात्र फेस किती त्यावरून बाईची किंमत करतं. रंगवलेल्या तुंबडीच्या वाटीत आधी साखरेचा पाक, मग करडं पाणी, वर डावाने फेस. चव मातकट, थंड, किंचित कडसर, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही.

भूक लागलीच तर मांसाच्या ओळीत जायचं. इथे हॉटेलवाला मध्ये नाही. खाटिकाकडून तासाहो घ्यायचं, म्हणजे गोमांसाची पापडासारखी पातळ, मीठ लावलेली पट्टी. शेजारी कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या असतात. त्यावर आपलं आपण टाकायचं. कांद्याच्या पाती आणि मिरच्या एकीकडून, मक्याच्या भाकऱ्या टोपली घेऊन फिरणाऱ्या दुसरीकडून, मीठ-लिंबू तिसरीकडून. सगळ्या ओळीत धूर कोंडलेला, डोळ्यांतून पाणी, आणि त्या धुरात कुणाची तरी आजी निवांत चिमट्याने मांस उलटतेय. मांस न खाणाऱ्याला ही ओळ सोसायची नाही. त्याने घेवड्याचा रस्सा शोधावा, किंवा सरळ पाव: इथला कोको भरलेला पाव दूरवर प्रसिद्ध आहे. नाकतोड्यांच्या टोपल्यांपाशी सगळेच पाहुणे थबकतात. लसूण, लिंबू, मीठ लावून भाजलेले, लहानांपासून मोठ्यांपर्यंत आकारवार. लहान चांगले, मोठ्यांच्या तंगड्या दातांत अडकतात.

मराठी पाहुण्याला धक्का बसतो तो नाकतोड्यांनी नव्हे, राजगिऱ्याच्या वडीने. उपासाला खातो तीच, तशीच गोल किंवा चौकोनी, सेलोफेनमध्ये. राजगिरा मूळचा या खंडातला. ॲझ्टेक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून खात, म्हणून पाद्री त्या धान्यावर खार खाऊन होते. त्या काळी कोकोच्या बिया सुट्ट्या पैशांसारख्या चालत, आणि लबाड लोक रिकाम्या टरफलात राजगिऱ्याची कणीक भरून खोटं नाणं पाडत. हे बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने नोंदवून ठेवलंय. मिरची, टोमॅटो, पेरू, चिकू इकडूनच निघाले, आणि त्यातले काही पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला उतरले. झेंडूही इथलाच. ऑक्टोबरअखेर, पितरांच्या सणाआधी, हे बाजार झेंडूने पिवळेधमक होतात, आणि तेव्हाच आपल्याकडे दादरच्या फूलबाजारात दिवाळीचे ढीग लागलेले असतात. निशिगंधसुद्धा मेक्सिकोचा. परतीचा मालही पोहोचला: आंबा १५६५ ते १८१५ या काळात मनिला-आकापुल्को जहाजांच्या वाटेने आशियातून आला, आणि इथल्या एका लाडक्या जातीचं नाव आजही मानिला आहे.

या बाजारांचा अभ्यास करायला ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की आला होता, हे वाचून मला गंमत वाटली होती. पॅसिफिक बेटांवरच्या शिंपल्यांच्या देवघेवीवर नाव कमावलेला हा मानववंशशास्त्रज्ञ १९४० आणि १९४१ च्या उन्हाळ्यात हुलिओ दे ला फुएन्ते या मेक्सिकन सहकाऱ्याबरोबर वाहाका खोऱ्यात बाजार धरून फिरला. १९४२ मध्ये तो वारला. त्यांचं काम पुस्तकरूपाने स्पॅनिशमध्ये १९५७ साली आलं. एकेका गावाचा बाजार सुटा बघून काही कळत नाही, सगळे मिळून एक यंत्रणा आहे, हे त्यांनी दाखवलं. ते पटतं. त्लापासोलाच्या बाया लाल मातीची भांडी करतात, तेओतित्लानचे विणकर लोकरी गालिचे, मातात्लानहून मेस्काल दारू येते. कुठल्याच गावात सगळं होत नाही आणि कुणालाच सगळं स्वतः करायचं नसतं. शेतकरीण चार मापं मका आणते, विकते, त्याच पैशांतून मीठ, चुना आणि मिरची घेऊन परत जाते. मध्ये दलालीण असतेच: पहाटे उतरणारा माल उभ्या उभ्या घ्यायचा आणि दोन तासांनी वाटे लावून विकायचा. तिच्या नावाने सगळे बोटं मोडतात, पण तिच्यावाचून दूरच्या गावाची बाई दुपारच्या गाडीला पोहोचायची नाही.

सरकारांना असा सांडलेला बाजार आवडत नाही. मेक्सिको सिटीत १९५७ साली ला मेर्सेदची प्रचंड मंडई बांधली. तिला आगी लागल्या, २०१३ ची तर मोठीच. घाऊक व्यापार १९८२ मध्ये त्याच शहरातल्या इस्तापालापा भागातल्या नव्या, ३०० हेक्टरांहून मोठ्या बाजारात हलवला. वाहाका शहरातही १९७० च्या दशकात शनिवारचा बाजार मध्यवस्तीतून उचलून आतोयाक नदीकाठी नेला. जागा गेली, शनिवार राहिला. माझ्या मते या संस्थेचं बळ यातच आहे. इमारत पाडता येते, जाळता येते, हलवता येते. वार कुणाला हलवता येत नाही. २००२ साली वाहाकाच्या मुख्य चौकात मॅकडोनाल्ड्स यायचं ठरलं, तेव्हा चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो आणि मंडळींनी भर चौकात तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ, फुकट वाटून विरोध केला आणि बेत रद्द झाला. छानच झालं. पण बाजार तगला आहे तो चित्रकारांच्या जिवावर नाही. तो तगलाय कारण डोंगरातल्या बाईला टर्कीची जोडी विकायला दुसरी जागा नाही.

जायचं असेल तर अकराच्या आत पोहोचा, सुट्टे पेसो ठेवा, आणि फोटो काढण्याआधी विचारा. नको म्हणाल्या तर नको. गिऱ्हाईक आणि दुकानदारीण दोघंही एकमेकांना ‘मार्चांता’ म्हणतात, तेवढं आलं की निम्मं काम झालं. गालिच्यांची गल्ली पर्यटकांसाठी आहे, ती मी घाईने ओलांडतो. त्यापेक्षा पाटे विकणाऱ्यापाशी थांबा. आपल्या पाट्याला पाय नसतात, इथल्याला तीन असतात, आणि वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा, लांबोडा. काहींवर फुलं-पक्षी रंगवलेले असतात. ते लग्नात नवरीला द्यायचे. घासाघीस थोडी चालते, फार नाही, कारण दगड फोडून, टाचून तो घडवणाराच बहुधा समोर बसलेला असतो. आणि घेतलाच, तर वडापवाला डिकीत त्याचं वेगळं भाडं लावेल, ते निमूट द्या.