रात्रीं तापणारें शेजघर

माझ्या एका स्नेह्यांनीं डहाणूस नवा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, वर थेट गच्ची. समुद्राचा वारा लागेल म्हणून पश्चिमेच्या खिडकीचें शेजघर त्यांनीं वृद्ध मातोश्रींना दिलें. मे महिना उजाडला आणि मातोश्री मध्यरात्रीं अंथरूण गुंडाळून दिवाणखान्यांत येऊं लागल्या; पुढें तर ‘मी आपली रानशेतला भावाकडे जातें,’ असें म्हणूं लागल्या. जन्माची पुंजी घालून घेतलेल्या घरांत आईस झोंप नाहीं, हें त्या गृहस्थांच्या मनाला फार लागलें. त्यांनीं मोठा पंखा आणला. त्यानें छताखालची ऊन हवा तेवढी खालीं आली.

मीं म्हटलें, आणखी खर्च करण्यापूर्वीं उष्णता येते कोठून तें पाहूं. दुपारीं ३, संध्याकाळीं ७ व रात्रीं ११ वाजतां भिंतींना, आणि स्टुलावर चढून छताला, तळहात लावून पाहिला. पश्चिमेची भिंत दुपारीं गार, सातला कोमट आणि अकराला चुलीमागच्या भिंतीसारखी. छत मात्र तीनलाच तापूं लागलें होतें आणि अकरापर्यंत निवालें नव्हतें.

यांत नवल नाहीं. चार-पांच इंची काँक्रीटमधून उष्णता तीन-चार तासांत खालीं उतरते. नऊ इंची विटेच्या भिंतीला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे चारचें ऊन आपणांस भेटतें तें निजतेवेळीं! डहाणू २० अक्षांशाजवळ असल्यामुळें २१ मेच्या सुमारास माध्यान्हींचा सूर्य ठीक डोक्यावर असतो व मावळतो तो पश्चिमेच्या सुमारें २० अंश उत्तरेस. सारा मार गच्चीवर आणि पश्चिमेवर. शिवाय समुद्राचा वारा दिवसाचा. रात्रीं तो उलटून जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, वाहूं लागतो. खिडकी पश्चिमेस व दार लोटलेलें. मग तो शिरणार कोठून?

मातोश्रींना रानशेत आठवावें हेंहि साहजिकच. भावाचें घर कारवीच्या कुडाचें, शेणामातीनें लिंपलेलें. पातळ कूड उष्णता सांठवून ठेवीत नाहीं, दिवस मावळला कीं लवकर निवतो. उतरत्या छपराच्या वळचणीनें त्यावर ऊनहि थोडेंच पडतें. अशा घरांच्या इतर अडचणी मला ठाऊक आहेत, त्यांचे गोडवे गाण्याचा हेतु नाहीं.

उपाय केले ते असे. खिडकीचा आंतला जाड पडदा काढून बाहेरून बांबूची चटई सोडली. कारण कांचेतून आंत आलेलें ऊन पडद्यानें परत जात नाहीं. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हलविला. रात्रीं शेजघराचें दार व स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी उघडी ठेवूं लागले. यानें फरक पडला, पण अर्धाच. मुख्य शत्रु छत. त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावयाचे होते, आणि गच्ची सर्वांच्या मालकीची! खालच्या मजल्यांवरील मंडळींना त्याची गरज वाटेना. संस्थेची परवानगी मिळावयास तीन आठवडे गेले; पैसे स्नेह्यांनीं एकट्यांनींच भरले. वातानुकूलन यंत्राचा विचार त्यांनीं तूर्त सोडला आहे. तापलेल्या छताखालीं त्या यंत्राला रात्रभर राबावें लागतें आणि वीजबिल फुगतें तें निराळेंच.

मातोश्री आतां मध्यरात्रीं उठत नाहींत. पहांटे चारला उठतात, पण ती त्यांची जुनी सवय आहे.