डिमिटर, मी आणि पाळणाघर

मॅटर्निटी लीव्ह संपली, ऑफिस सुरू झालं, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. अशा वेळी लंडनमध्ये मला भेटली चक्क एक ग्रीक देवी!

'रोज सकाळी घरातून निघताना जे वाक्य तोंडून निघतं, ते म्हणा,' ड्रामाथेरपिस्ट म्हणाली. आम्ही सात जणी, सगळ्या नव्या आया. माझं वाक्य होतं, 'सोड ना गं आईला, उशीर होतोय!'

दहा महिन्यांच्या लेकीला पाळणाघरात ठेवून मी ट्यूब पकडायचे आणि ऑफिस येईपर्यंत रडायचे. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, 'अगं, सगळ्याच करतात.' तेच तर! मग मलाच का जमत नव्हतं?

मग थेरपिस्टनं गोष्ट सांगितली. डिमिटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफनी फुलं वेचत असताना पाताळाचा राजा हेडीस तिला पळवतो. आई नऊ दिवस मशाली घेऊन वणवण फिरते. ना अन्न, ना अंघोळ. पुढे शेतं ओस पडतात. शेवटी लेक परत येते; पण तिनं पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा ती तिथेच राहणार.

मला वाटलं, डिमिटर मीच होणार. पण माझ्या वाट्याला आली यांबे! एल्युसिसच्या राजवाड्यातली ही दासी. दुःखात गप्प बसलेल्या डिमिटरला ती थट्टामस्करी करून हसवते, तेव्हा कुठे देवी पुदिना घातलेलं सातूचं पाणी घेते.

मी समोरच्या 'डिमिटर'ला म्हटलं, 'नऊ दिवस अंघोळ नाही? माझ्या सासूबाईंनी बघितलं तर!' ती खो खो हसली. मीही हसले आणि हसता हसता रडले. पहिल्यांदाच, ट्यूबमध्ये एकटी नाही, चारचौघींत.

यातली गंमत हीच. स्वतःबद्दल बोलताना जीभ अडखळते, देवीचं दुःख मात्र बोलता येतं. सेशन संपताना प्रत्येकीनं शाल उतरवून स्वतःचं नाव घ्यायचं, म्हणजे भूमिका तिथेच राहते.

अमेरिकेत ऱ्होडेसा जोन्स यांनी १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तुरुंगातल्या स्त्रियांसाठी नाट्यप्रकल्प सुरू केला, त्याचं नावही ग्रीक कथेतलंच: मीडिआ.

लेक अजूनही कधीकधी दारात रडते. मी 'संध्याकाळी येते हं' म्हणते आणि निघते. डाळिंबाचा हिशेब आहे तो!

हे लक्षात ठेवा
ब्रिटनमध्ये 'ड्रामाथेरपिस्ट' हे पद कायद्यानं संरक्षित आहे. नोंदणी तपासूनच जा. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर आधी डॉक्टरांशी बोला. मीही बोलले.