हौसेला मोल नसते, विम्याला मात्र असते!

आपल्याकडे ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणतात. ही म्हण इंग्लंडमधील एका छंदाला तंतोतंत लागू पडते. तेथे हजारो हौशी मंडळी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी मोटार बांधतात. सांगाडा, फायबरग्लासची बॉडी, चाके, दिवे असा संच एखाद्या लहान कारखान्याकडून विकत घ्यायचा, इंजिन व गिअरबॉक्स एखाद्या जुन्या फोर्ड किंवा जग्वार मोटारीतून काढायचे आणि दोन-चार वर्षे खपून गाडी उभी करायची. अशा मोटारीला ‘किट कार’ म्हणतात. एखाद्या गाजलेल्या जुन्या मोटारीचे हुबेहूब रूप तिला दिले, तर ती ‘रेप्लिका’ अर्थात प्रतिकृती ठरते.

गाडी तयार झाली, रंग चढला, शेजारीपाजारी कौतुक करून गेले, की मालकासमोर प्रश्न उभा राहतो तो विम्याचा. या गाडीची खरी किंमत किती? ती कोणी ठरवायची? आणि उद्या ती चोरीस गेली किंवा जळून खाक झाली, तर हाती काय पडणार? या प्रश्नांची उत्तरे केवळ ब्रिटिश शौकिनांपुरती मर्यादित नाहीत. आपल्या मोटारीचा विमा डोळसपणे उतरवू इच्छिणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला त्यांतून काही शिकता येईल.

छंदाचा जन्म करातून

किट कारचा इतिहास मोठा रंजक आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 1957 साली ‘लोटस सेव्हन’ ही छोटी, हलकी मोटार बाजारात आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या मोटारीवर मात्र तो लागत नसे. साहजिकच अनेकांनी ही गाडी सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडणे पसंत केले. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्यास सवलत जाईल, म्हणून गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचत, असा किस्सा आजही सांगितला जातो. 1973 मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी या मोटारीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले. करसवलत गेली, छंद मात्र टिकला.

प्रतिकृतींमध्ये सर्वाधिक मान आहे तो ‘कोब्रा’ला. इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या मोटारीत अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी 1962 साली फोर्डचे शक्तिशाली व्ही-8 इंजिन बसवले आणि ही मोटार जन्मास आली. अशा पहिल्या मोटारीस 2016 साली अमेरिकेतील लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलर्स मिळाले. 1966 ते 1969 अशी सलग चार वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या फोर्ड जीटी 40 जातीच्या एका मोटारीसाठी 2012 मध्ये 1 कोटी 10 लाख डॉलर्स मोजले गेले. सामान्य शौकिनाने अशी स्वप्ने पाहावीत तरी कशी? म्हणूनच तो प्रतिकृतीकडे वळतो. रूप तेच, ऐटही तीच. किंमत मात्र मूळ मोटारीच्या पासंगालाही न पुरणारी.

नाव सोनुबाई…

विम्याची पहिली अडचण येथेच सुरू होते. विमा अर्जात ‘मोटारीचे नाव’ असा एक रकाना असतो. मालकाने हौसेने तेथे ‘कोब्रा’ असे लिहिले, तर अर्ज मूळ कोब्राचा ठरतो. हप्ता अवाच्या सवा येतो किंवा विमाच नाकारला जातो. उलटपक्षी, इंजिन फोर्ड सिएराचे आहे म्हणून कोणी ‘फोर्ड सिएरा’ असे लिहिले, तर हप्ता कमी येईल. परंतु रस्त्यावर धावते ती मोटार सिएरा नव्हेच. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण दोन्ही बाजूंनी खरी ठरते. भारी नाव लावले तर हप्ता बुडवतो आणि हलके नाव लावले तर दावा बुडतो.

अचूक उत्तर असते ते नोंदणी पुस्तिकेत. घरी बांधलेल्या मोटारीला ब्रिटनमध्ये रस्त्यावर येण्यापूर्वी शासकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. 1998 पासून असलेली जुनी तपासणी पद्धत 2009 मध्ये बदलून ‘वैयक्तिक वाहन मान्यता’ ही अधिक काटेकोर पद्धत लागू झाली. ब्रेक, दिवे, सुकाणू, आसनपट्टे, धूर, आवाज अशा अनेक अंगांनी गाडी तपासली जाते. त्यानंतर नोंदणी होते. जिचे भाग निरनिराळ्या वयांचे आहेत आणि वय निश्चित करता येत नाही, अशा मोटारीला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. काही विमा कंपन्या अशा मोटारी स्वीकारताना कां-कूं करतात; म्हणून क्रमांक कोणता मिळाला हे प्रथमच सांगितलेले बरे. किट बनविणाऱ्या कारखान्याचे नाव, नमुना, इंजिनाची क्षमता व अश्वशक्ती, मूळ मोटारीतून घेतलेले भाग आणि नंतर केलेले सर्व बदल ही माहिती लेखी देणे हाच अचूक विम्याचा पाया होय.

सत्य सांगण्याची जबाबदारी

विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यातील तत्त्वानुसार विमेदाराने, कोणी विचारो वा न विचारो, महत्त्वाची प्रत्येक बाब स्वतःहून उघड करणे आवश्यक होते. 2012 च्या ग्राहक विमा कायद्याने सामान्य ग्राहकाचा हा भार हलका केला. आता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन, खरी द्यावीत एवढीच अपेक्षा आहे.

मात्र चुकीचे परिणाम स्पष्ट आहेत. माहिती जाणूनबुजून खोटी दिली असेल, तर कंपनी पॉलिसी रद्द ठरवू शकते आणि हप्ताही परत करण्यास सहसा बांधील राहत नाही. चूक निष्काळजीपणाची असेल आणि खरी माहिती मिळाल्यास कंपनीने जास्त हप्ता घेतला असता, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. समजा, मालकाने 400 पौंड हप्ता भरला; अधिक शक्तिशाली इंजिनाची माहिती दिली असती तर तो 500 पौंड झाला असता. म्हणजे त्याने योग्य हप्त्याच्या 80 टक्केच रक्कम भरली. 20,000 पौंडांच्या दाव्यावर त्याला 16,000 पौंडच मिळू शकतील. 100 पौंड वाचविण्याची किंमत 4,000 पौंड!

बाजारभाव की उभयमान्य मूल्य?

सर्वसाधारण मोटार पॉलिसीत भरपाई मिळते ती अपघाताच्या क्षणी असलेल्या बाजारभावाने. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारींचे भाव छापील दरपुस्तिकांत सापडतात. परंतु प्रत्येक किट कार ही एकमेव असते. दोन प्रतिकृतींचा संच एकच असला, तरी एकीत नवे इंजिन व उत्तम कारागिरी असेल, तर दुसरीत भंगारातील भाग व ओबडधोबड काम. दरपुस्तिका येथे काय सांगणार?

म्हणून जाणकार मालक ‘उभयमान्य मूल्य’ असलेली पॉलिसी मागतो. विमा उतरवतानाच कंपनी व मालक एका रकमेवर सहमत होतात आणि मोटार पूर्णतः नष्ट झाल्यास वा चोरीस गेल्यास, पॉलिसीच्या अटींनुसार, तीच रक्कम मिळते. त्यासाठी पुरावा लागतो. संचाची व प्रत्येक भागाची पावती, बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, तपासणीचे प्रमाणपत्र आणि जाणकाराचा मूल्यांकन अहवाल हे सारे एका फाइलीत जपून ठेवावे लागते. स्वतःच्या श्रमाचे तास पावतीत येत नाहीत, ही मालकाची नेहमीची खंत. कारागिरीचे मूल्य टिपणारा मूल्यांकन अहवाल ती काही अंशी भरून काढतो. हे मूल्य दर एक-दोन वर्षांनी तपासून नवे करून घ्यावे लागते. अन्यथा बाजार चढत राहतो आणि पॉलिसी जुन्या आकड्यावरच थांबते.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोटार पूर्ण होण्यापूर्वीही गॅरेजमध्ये हजारो पौंडांचे सुटे भाग पडलेले असतात. आग लागली किंवा चोरी झाली, तर अनेक घरविमा पॉलिसींमध्ये मोटारींचे भाग वगळलेले आढळतात. यासाठी ‘बांधणी-काळातील विमा’ मिळतो. गाडी तपासणीसाठी प्रथमच रस्त्यावर नेतानाही विमा लागतोच. तेव्हा नोंदणी क्रमांक नसल्याने तो सांगाड्याच्या क्रमांकावर घ्यावा लागतो.

हप्ता कमी कसा होतो?

गंमत अशी की, एवढी वेगवान मोटार असूनही अनुभवी चालकाला तिचा विमा अनेकदा रास्त दरात मिळतो. कारण उघड आहे. स्वतः घाम गाळून बांधलेली गाडी मालक जिवापाड जपतो, पावसाळी दिवशी बाहेर काढत नाही आणि वर्षाकाठी थोडेच अंतर चालवतो. ही वस्तुस्थिती विमा कंपनीपुढे मांडली की दर उतरतो. वार्षिक अंतराची मर्यादा स्वीकारणे, गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवणे, मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्रणा बसविणे, मालक-मंडळाचे सभासदत्व घेणे, ठरावीक चालकांचीच नावे नोंदविणे आणि दाव्याच्या प्रसंगी पदरचा पहिला हिस्सा थोडा वाढविणे, हे त्यासाठीचे नेहमीचे मार्ग होत. सर्वसामान्य कंपन्यांच्या ठोकळेबाज अर्जापेक्षा अशा मोटारींचे काम करणाऱ्या विशेषज्ञ दलालाकडे गेल्यास माणूस माणसाशी बोलतो आणि मोटारीचे वर्णनही नेमके होते.

मात्र स्वस्ताईच्या नादात मर्यादा विसरू नयेत. अंतराची मर्यादा ओलांडल्यास ते वेळीच कळवावे. शर्यतीच्या मार्गावर गाडी पळविणे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. त्यासाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते.

आपल्याकडील चित्र

भारतात मात्र घरी मोटार बांधण्याच्या हौसेला कायद्याची चौकट अरुंद आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने मूळ ठरविलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड अशी तरतूद केली. इंधन बदलासाठी मान्यताप्राप्त सीएनजी वा एलपीजी संच बसविण्यास मुभा आहे. परंतु त्याची नोंद प्रमाणपत्रात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे हवी. आपल्या ग्राहकांच्या बाबतीत ‘किट’चा प्रश्न उद्भवतो तो बहुधा येथेच. संच बसवला, नोंद राहिली आणि अपघातानंतर धावाधाव सुरू झाली, तर त्याला वरातीमागून घोडे म्हणायचे.

किमतीबाबत आपल्याकडे ‘आयडीव्ही’ म्हणजे विमाकृत घोषित मूल्याची पद्धत आहे. उत्पादकाच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा केला जातो. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. पाच वर्षांनंतर मूल्य विमा कंपनी व मालक यांच्या सहमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, की मोटार पूर्ण नष्ट झाली असे मानले जाते. हप्ता कमी व्हावा म्हणून मूल्य कमी लावून घेणारा ग्राहक नकळत आपलीच भरपाई कापून घेत असतो.

2002 च्या भारतीय मोटार दरपत्रकात उभयमान्य मूल्याची पॉलिसी फक्त 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेल्या, प्रमाणित व्हिंटेज मोटारींसाठी ठेवली होती. नोंदणीच्या बाजूने पाहता, 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतील स्वतंत्र क्रमांक मिळतो. जुन्या मोटारीचे रूप घेतलेली नवी प्रतिकृती अर्थातच यात बसत नाही.

ग्राहकांनी ध्यानात ठेवावे

1. नोंदणी प्रमाणपत्रावरील आणि पॉलिसीवरील वर्णन, इंजिन क्रमांक व सांगाड्याचा क्रमांक शब्दशः जुळतो का, हे पॉलिसी हाती येताच पाहावे.

2. संगीत यंत्रणा, विशेष चाके, गॅस संच अशा प्रत्येक जादा वस्तूची पावती जपावी व तिची नोंद पॉलिसीत करून घ्यावी.

3. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे मूल्य ठरविताना छायाचित्रे व देखभालीच्या पावत्या पुढे ठेवाव्यात.

4. वाहन कर्जाऊ असल्यास पॉलिसीत बँकेच्या तारणाची नोंद असावी. पूर्ण नुकसानीची रक्कम प्रथम कर्जखात्याकडे वळते. मूल्य अपुरे असेल, तर गाडी जाते आणि उरलेले कर्ज मात्र राहते.

5. केवळ सर्वांत कमी हप्ता पाहून पॉलिसी निवडू नये. वगळलेल्या बाबींचे पान प्रथम वाचावे.

हौशी कारागीर आपल्या मोटारीतील प्रत्येक खिळा स्वतः तपासून घट्ट करतो. पॉलिसीतील प्रत्येक ओळ त्याच निगुतीने तपासली, तर हौसेला विश्वासाचे कवच लाभते.