लोखंडाचा क्षय आणि एक बादलीभर उपाय

सांगलीकरांना कृष्णामाईचे दोन्ही चेहरे चांगले परिचयाचे आहेत. एरवी घाटाच्या पायऱ्यांशी हितगुज करणारी ही नदी कोपली, म्हणजे साऱ्या गावाचे डोळे आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे लागतात. तेथे ४५ फूट ही धोक्याची खूण. पण २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. त्याआधी २००५ साली आणि नंतर २०२१ च्या जुलैतही नदीने असाच हिसका दाखविला होता. पूर ओसरला, की माणसे प्रथम धान्य, अंथरुणे आणि मुलांची पुस्तके पाहतात, आणि ते योग्यच आहे. जिन्याखालच्या गाडीकडे पाहायला मात्र कित्येक आठवडे कोणाला सवड होत नाही. तेवढ्या काळात गाळाखाली गंजाचे काम मुकाट्याने चालू असते.

मग भंगारवाला दारात येतो आणि किलोवर भाव सांगतो. जिच्यावर वडिलांनी दोन मुलांना शाळेत पोचविले, त्या स्कूटरची किंमत अशी तराजूत ठरते! ती देऊन टाकावी, की वाचवावी? घराघरांत पडणाऱ्या या प्रश्नाला धुण्याचा सोडा, पाणी आणि थोडीशी वीज यांनी पुष्कळ अंशी उत्तर देता येते.

गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले, की गंज जन्मास येतो. तांबड्या रंगाचे हे लोखंडाचे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. म्हणून ते फुगते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर चिलखतासारखा आतल्या धातूला राखतो. गंज मात्र घरभेद्याप्रमाणे दार उघडून देतो. म्हणूनच याला लोखंडाचा क्षयरोग म्हटले तरी चालेल.

दिवाळीत पितळी भांडी चिंचेने लख्ख करणाऱ्या गृहिणीला आंबट पदार्थाचा गुण कोणी शिकवायला नको. लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड यांनी गंजही सुटतो. पण ॲसिडला आपपर कळत नाही. गंज संपला की ते खालचे चांगले लोखंडही खाऊ लागते. काचकागदाने घासावे, तर कोपरे आणि भोके तशीच राहतात. वीज मात्र गंज आणि लोखंड यांत भेद करते, आणि हेच या रीतीचे मर्म आहे.

बादलीतील प्रयोगशाळा

या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली तिचे नियम मांडले. पुढे बर्लिनच्या राजसंग्रहालयांच्या प्रयोगशाळेत फ्रीडरिख राटगेन यांनी जुन्या धातूच्या वस्तू राखण्यासाठी हीच युक्ती वापरली. जी रीत पुराणवस्तूंना मानवली, ती आपल्या गाडीच्या स्टँडला का मानवू नये?

साहित्य अगदी साधे. प्लॅस्टिकची मोठी बादली किंवा टब. चार लिटर पाण्यास एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा. साध्या लोखंडाची एखादी सळई किंवा पत्र्याचा तुकडा. आणि मोटारीची बॅटरी भरण्याचा १२ व्होल्टचा चार्जर. हल्लीचे काही ‘हुशार’ चार्जर समोर बॅटरी असल्याखेरीज सुरूच होत नाहीत. अशा वेळी जुन्या पद्धतीचा साधा चार्जर मिळवावा.

गंजलेला भाग आधी गाळ आणि ग्रीस काढून धुवावा. मग तो बादलीत मधोमध टांगावा आणि त्याला चार्जरची ऋण, म्हणजे काळी तार जोडावी. जेथे चिमटा लावायचा, तेथला गंज घासून धातू उघडा करावा. नाहीतर वीज पुढे जाणार नाही. सळई बाजूला उभी करून तिला धन, म्हणजे तांबडी तार जोडावी. तांबडा चिमटा पाण्याच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर तोच झिजून जाईल. सळई आणि भाग एकमेकांना टेकू देऊ नयेत. तारांची अदलाबदल झाली, तर सळई सुखरूप राहील आणि आपला भागच झिजेल!

सारे जोडून झाल्यावरच चार्जर सुरू करावा. थोड्याच वेळात भागावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. हा हायड्रोजन वायू. तो पापुद्रे उचलून धरतो, आणि उरलेल्या तांबड्या गंजाचा काही अंश काळ्या, सैल ऑक्साइडात पालटतो. सळई मात्र आपल्यासाठी झिजते आणि पाण्यावर तपकिरी फेस जमतो. वीज समोरासमोरच्या बाजूवर अधिक काम करते, म्हणून भाग मधून मधून फिरवावा, किंवा चारही बाजूंना सळया लावाव्यात. एक रात्र ते एक दिवस एवढा धीर धरावा. जास्त वेळ लागला म्हणून चांगले लोखंड काही खाल्ले जात नाही.

हे मात्र कटाक्षाने पाळा

हायड्रोजन ठिणगीसरशी पेट घेतो. म्हणून हा उद्योग अंगणात किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेत करावा. विडी-काडी, निरांजन आणि फटाके दूर असावेत. बादलीत हात घालण्यापूर्वी, तारा काढण्यापूर्वी चार्जर बंद हवा. भिंतीतील प्लगची वीज थेट पाण्यात कधीही सोडू नये. ती प्राणघातक आहे. मुलांनी पाहावे जरूर, पण वडीलधाऱ्यांच्या देखत.

स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये. तिच्यातील क्रोमियममुळे पाणी विषारी बनते. सोड्याऐवजी मीठ घालू नये. क्लोरिन वायू सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग, म्हणजे कार्बुरेटर आणि इंजिनाचे कवच, या पाण्यात घालू नयेत. क्रोम वा जस्ताचा मुलामा दिलेले भागही दूरच ठेवावेत. कठीण पोलादाच्या स्प्रिंगा आणि मोठा ताण सोसणारे बोल्ट हायड्रोजनने ठिसूळ होऊ शकतात. पेट्रोलची टाकी आणि ब्रेक वा स्टिअरिंगचे भाग जाणत्या कारागिराकडेच सोपवावेत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून असा रंग उतरलेले पाणी झाडांना घालू नये.

बादलीतून बाहेर आल्यावर

बाहेर काढलेला भाग काळपट दिसतो. तो पाण्याखाली तारेच्या ब्रशाने घासावा, स्वच्छ धुवावा आणि ताबडतोब कोरडा करावा. आळस केला, तर डोळ्यांदेखत नवा तांबूस गंज चढू लागतो. मग रेड ऑक्साइड लावून रंग द्यावा, किंवा रंगवायचा नसल्यास तेलाचा हात फिरवावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वीज गंज काढते. गेलेले लोखंड परत आणीत नाही. घासल्यावर पत्र्याला भोके दिसली, धातू पातळ झाला असला किंवा तडा आढळला, तर मायेला आवर घालून तो भाग बदलावाच. स्वच्छ दिसणे वेगळे आणि भार सोसणे वेगळे. घरातील माणसे त्या गाडीवर बसणार आहेत, हे विसरून चालणार नाही.

लोखंडाशी मैत्री या जिल्ह्याला नवी नाही. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान थाटणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती गेले. अशा मुलखात जुने पान्हे, चेनकव्हर, मडगार्ड आणि स्टँड तपासल्यावाचून भंगारात जावेत, हे शोभत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत एक पान्हा घेऊन सुरुवात करावी. त्यावरचा कारखान्याचा शिक्का गंजाखालून पुन्हा वाचता आला, की घरातील मुले पुढचा भाग स्वतःच शोधून आणतील!