दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन : बसतो, पण चालतो का?

इंजिन उतरवलेली गाडी गॅरेजच्या दारात उभी आहे. हेड एका बाजूला, ब्लॉक पोत्यावर. मिस्त्री पिस्टनचा खोका तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, "कंपनीचा माल आता मिळंना झालाय बघा. हे दुसऱ्या गाडीचे हायेत, पण बसत्यात." घरी भाजीच्या खेपा अडलेल्या असतात, लग्नसराईची भाडी हातची जात असतात. तुम्ही म्हणता, "बसव." हे "बसव" म्हणण्याआधी अर्धा तास काय तपासायचे, ते आज पाहू.

उदाहरण घेऊ ॲम्बॅसेडरचे. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. ज्यांच्या दारात ही गाडी अजून आहे, त्यांना सुट्या भागांची अडचण वेगळी सांगायला नको. या गाडीचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे आणि जुने डिझेल इंजिनही १४८९ सीसीचेच. दोघांचा बोअर ७३ मिलिमीटरच्या किंचित वर, स्ट्रोक ८८.९. मापे तीच, मग पिस्टन तोच, असे कुणालाही वाटेल. पण तसे नाही. पेट्रोल इंजिन कमी दाबावर चालते आणि ठिणगीवर पेटते. डिझेलला ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटले पाहिजे. त्यामुळे पिस्टनचे डोके, जाडी, रिंगांच्या खोबणी, सगळेच वेगळे. पुढे याच नावाच्या गाडीत १८१७ सीसीचे इसुझु इंजिन आले. त्याचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२. म्हणजे दुकानात नुसते "ॲम्बॅसेडरचे पिस्टन द्या" म्हणून भागत नाही.

आमच्या शेजारच्या गावातली गोष्ट. डिझेल ॲम्बॅसेडर, इंजिन नवे बांधलेले, पिस्टन दुसऱ्या इंजिनाचे. बोअर जुळला, पिन जुळली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालू होईना. पोरांनी ढकलत वेशीपर्यंत नेली तेव्हा कुठे पांढरा धूर ओकत धरली. बॅटरी बदलली, पंप उतरवून तपासला, नोझल नवे टाकले. पैसा गेला, रोग तिथेच. शेवटी हेड उघडले तर काय, पिस्टन वर येऊन ब्लॉकच्या काठापासून दीड मिलिमीटर खालीच थांबत होता!

दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठे, असे म्हणू नका. कागद-पेन्सिल घ्या. १४८९ सीसी भागिले चार, एका सिलिंडरला ३७२ सीसी. कॉम्प्रेशन समजा २२ आहे, तर पिस्टन पार वर असताना उरलेली जागा फक्त १७.७ सीसी. या बोअरला एक मिलिमीटर उंची म्हणजे ४.२ सीसी. पिस्टन दीड मिलिमीटर बुटका निघाला की जागा होते २४ सीसी आणि कॉम्प्रेशन येते साडेसोळावर. थंड इंजिनात डिझेल पेटणार कसे? पेट्रोलमध्ये इतकी फजिती होत नाही. तिथे ७.२ चे ६.६ होईल, ओढ कमी पडेल, पण गाडी चालेल. उलट पिस्टन तेवढाच उंच निघाला तर डिझेल इंजिनात तो सरळ हेडवर आपटेल.

म्हणून पहिले माप बोअरचे नव्हे, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतच्या उंचीचे. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून व्हर्निअरने मोजायला लावा. नुसत्या नजरेने हा फरक कळत नाही. मग पिनची जाडी आणि पिस्टनच्या डोक्यावरचा खड्डा. हा खड्डा ज्या हेडसाठी केलेला असतो, त्याच हेडखाली तो काम करतो.

पक्की खात्री हवी तर जुनी युक्ती आहे. पिस्टनच्या डोक्यावर पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा, हेड कसा आणि क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवा. अडला तर जोर करू नका. हेड उघडून दबलेल्या तारेची जाडी मोजा, तेवढीच वर फट उरते. हा आकडा इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून पाहा. व्हॉल्व्ह लागतात का हे पाहायला तारेऐवजी मळलेल्या मातीचा गोळा ठेवतात. (कणीकही चालते म्हणे, पण घरी विचारून घ्या.)

बोअरिंगचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा होतो. आधी ब्लॉक लेथवाल्याकडे जातो आणि पिस्टन मागून येतात. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगते. किती फट सोडायची हे पिस्टन करणारा ठरवतो आणि ती दर पिस्टनाला वेगळी असते. फट कमी पडली तर पहिल्याच घाटात इंजिन जाम. म्हणून पिस्टन आधी हातात घ्या, ते मोजूनच बोअर मारायला सांगा. रिंगही त्याच पिस्टनच्या घ्या. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने बघायची. इंचाला तीन-चार थाऊ हा अंदाज धरतात, म्हणजे आपल्या या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास.

चारही पिस्टनचे वजन सराफाच्या काट्यावर करून घ्या. हसण्यावारी नेऊ नका. जड-हलके पिस्टन असले की गाडी थरथरते आणि बेअरिंग लवकर जातात.

"मोठा पिस्टन टाकू, ताकद वाढंल," असे सांगणारेही भेटतात. याच घराण्याचे १७९८ सीसीचे इंजिन विलायतेत निघाले, त्याचा स्ट्रोक तोच ८८.९ आणि बोअर ८०.२६. पण त्यासाठी कारखान्याने ब्लॉकच नवा ओतला. आपल्या जुन्या ब्लॉकचा बोअर सात मिलिमीटरने वाढवला तर पाणी ऑइलमध्ये उतरेल. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या माहितीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. इंजिनच बदलायचे असेल तर आरटीओ कार्यालयात आधी विचारा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी थोडे. गावची रुग्णवाहिका किंवा टँकरचे इंजिन काम निघाले, तर बिलावर नुसते "पिस्टन सेट १" असे घेऊ नका. पिस्टन कोणत्या इंजिनाचा, नंबर काय, स्टँडर्ड की ओव्हरसाइज, हे लिहून घ्या आणि गाडीच्या लॉगबुकात उतरवा. माणसांच्या बदल्या होतात, आणि पुढचा मिस्त्री हेड उघडून डोके खाजवत बसतो.

आणि जुने पिस्टन गॅरेजात सोडून येऊ नका. निदान एक तरी ऑइलच्या फडक्यात गुंडाळून घरी ठेवा. पुढच्या वेळी तोच दुकानात दाखवायला उपयोगी पडतो.